फुकट तपासणी, महाग दुरुस्ती : एका जुन्या कॅटामरानच्या करकरीवरून



या आठवड्याच्या व्हिडिओत दुरुस्तीच्या कामाचं क्वोटेशन कसं द्यायचं ते आपण बघितलं. त्यात एका जॉबचा मी ओझरता उल्लेख केला होता. वेळ कमी होता म्हणून तिथे थांबलो, इथे सविस्तर लिहितो. आधी माझं मत सांगून टाकतो, कारण ते सगळ्यांना पटणार नाही. जो मिस्त्री तपासणी फुकट करतो, तो कस्टमरचं नुकसान करतो. स्वतःचंही करतो, पण आधी कस्टमरचं.

जॉब बोटीचा आहे. हसू नका. आमचं दुकान जळकोटला, सोलापूर-हैदराबाद हायवेला. इथे पिण्याच्या पाण्याला टँकर बघितलेली माणसं आहेत, बोट कुठली? जवळात जवळ मोठं पाणी म्हणाल तर नळदुर्गच्या किल्ल्यात, बोरी नदीचं. पण मी नट-बोल्ट, रिबीट, बेअरिंग, इपॉक्सी विकतो, आणि सांधा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा असो नाहीतर समुद्रातल्या बोटीचा, ढिला पडायची रीत एकच असते.

तर आपल्या ऑनलाइन बॅचमध्ये मालवणकडचे एक दादा आहेत. पर्यटकांना समुद्रात फिरवायचा धंदा. त्यांनी मुंबईहून एक जुनी होबी १६ विकत घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही शिडाची कॅटामरान, म्हणजे दोन बारीक लांबट होड्या, हल म्हणतात त्यांना, आणि मध्ये ॲल्युमिनियमची चौकट. चौकटीवर ट्रॅम्पोलिन ताणलेलं असतं, माणसं त्यावर बसतात. होबी आल्टर नावाचा कॅलिफोर्नियातला सर्फबोर्ड बनवणारा माणूस, त्याने १९७० च्या आसपास ही बोट काढली. पाच मीटर लांब, सुमारे अडीच मीटर रुंद, वजन दीडशे किलोच्या आत. तळाला खाली उतरणारी फळी नाही, सुकाणू वर उचललं जातं, म्हणून ती थेट वाळूवर चढवता येते. जेट्टी लागत नाही, इंजिन नाही, डिझेल नाही. किनाऱ्यावरच्या छोट्या धंद्याला एकदम सोयीची वस्तू.

दादांच्या बोटीला एकच रोग होता. लाट आली की करकर. वारा वाढला की करकर जास्त. पर्यटक घाबरून विचारायचे, तुटणार तर नाही ना? एका गिऱ्हाइकाने निम्म्या वाटेतून परत फिरवायला लावलं. दादांनी एका फॅब्रिकेटरला बोलावलं. त्याने दहा मिनिटं बोट हलवून बघितली, पैसे घेतले नाहीत, आणि सांगितलं की फ्रेम कमजोर झालीय, मध्ये दोन आडवे पाईप टाकून चारही कोपरे वेल्डिंग करू. दादांनी मला आवाजाचा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "सर, ह्यो पाईप बदलूक व्हयो काय?"

इथे थोडं टेक्निकल बोलतो, धीर धरा, सगळा मुद्दा त्यातच आहे.

या बोटीच्या चौकटीत पुढे एक आणि मागे एक असे दोन आडवे पाईप आणि बाजूला दोन उभे पाईप असतात. चार कोपऱ्यांना चार कास्टिंग. प्रत्येक हलमधून दोन असे एकूण चार पाय वर येतात आणि कास्टिंगमध्ये खालून बसतात. म्हणजे पाईप आणि कास्टिंगचे आठ सांधे, पाय आणि कास्टिंगचे चार, एकूण बारा. पाईप सहसा कमजोर होत नाही. सांधा झिजतो. खारं पाणी, बारीक वाळू आणि रोजचं हलणं, यात ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासतं. हिशोब करून बघा. पाय कास्टिंगमध्ये दहा सेंटिमीटर आत आहे असं धरा आणि त्यात अर्धा मिलिमीटर ढिलाई आली. तिथून अडीच मीटर पुढे, बोटीच्या टोकाला, कोकणात ज्याला नाळ म्हणतात तिथे, ती ढिलाई सव्वा सेंटिमीटर होते. हा एका सांध्याचा हिशोब. बारापैकी पाच-सहा ढिले असतील तर दोन हल दोन वेगळ्या दिशांना चालायला लागतात.

याचा त्रास नुसता आवाजाचा नाही. डोलकाठी पुढच्या आडव्या पाईपवर उभी असते आणि तिच्या तारा हलला बांधलेल्या असतात. चौकट वाकडी होते तेव्हा तारा कधी ढिल्या, कधी ताठ. वाऱ्याचा जोर बोट पुढे न्यायच्या ऐवजी सांधे घासण्यात जातो, रिबिटाची भोकं लांबट होतात, आणि झीज आणखी वाढते. म्हणजे करकर ऐकून गप्प बसणं हाही पर्याय नाही.

आता वेल्डिंगचं बघू. ताकद वाढवलेल्या ॲल्युमिनियमच्या पाईपला वेल्डिंगची उष्णता लागली की वेल्डच्या शेजारची पट्टी मऊ पडते. लोखंडाची सवय असलेल्या हाताला हे लक्षात येत नाही, कारण वेल्ड दिसायला मजबूत असतो आणि पाईप त्याच्या बाजूलाच तडकतो. वरचा ॲनोडायझिंगचा थरही जळतो, मग खाऱ्या पाण्याला मोकळं रान. आणि मध्ये दोन जादा पाईप टाकून कोपऱ्यातली झीज भरून निघणार आहे का? ती तशीच राहणार, फक्त भार दुसऱ्या ठिकाणी सरकणार. शिवाय एकदा वेल्ड केलेली बोट पुन्हा खोलता येत नाही. पावसाळ्यात शेडमध्ये ठेवायची म्हटलं तरी अडीच मीटरचं धूड जसंच्या तसं आत न्यावं लागणार.

मग त्या फॅब्रिकेटरने असं का सांगितलं? तो चोर होता म्हणून नाही. मला वाटतं तो भला माणूस असावा. पण त्याने तपासणीचे पैसे घेतले नव्हते. येण्याजाण्याचं पेट्रोल, अर्धा दिवस, सगळं त्याला पुढच्या कामातून काढायचं होतं. मग डोकं आपोआप अशा कामाकडे जातं ज्यात माल जास्त आणि वेळ कमी. पाईप दाखवता येतो, वेल्डिंग दाखवता येतं, त्याचं बिल कस्टमर निमूट देतो. सांधा शोधण्यात गेलेले तीन तास दिसत नाहीत. आपल्याकडे वस्तूचे पैसे द्यायची सवय आहे, शोधण्याचे नाही. डॉक्टरला आपण गोळ्यांशिवाय फी देतो, मिस्त्रीला देत नाही.

आपल्याच भागातलं बघा. बैलगाडीचं चाक. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की आरे तुंब्यात हलायचे, चाक करकरायचं. जुना सुतार तेव्हा काय करायचा? नवीन आरा ठोकायचा नाही. आधी चाक हलवून, हात लावून बघायचा की ढिलाई तुंब्यात आहे की बाहेरच्या कड्यात. कधी नुसतं पाण्यात ठेवून भागायचं, लाकूड फुगून घट्ट बसायचं. नाहीच भागलं तर लोखंडी धाव उतरवून थोडी कमी करायची, शेणाच्या गोवऱ्यांवर तापवून लाल करायची, चाकावर चढवून वरून पाणी मारायचं. धाव आकसली की सगळे सांधे एकदम आवळले जायचे. जादा लाकूड शून्य. आणि त्याला बलुतं मिळायचं वर्षाचं, एकेका खिळ्याचं नाही. म्हणून त्याला खिळे जास्त ठोकायची घाई नव्हती. (बलुतेदारीचं गुणगान करत नाहीये, तिच्यातले बाकीचे हिशोब मला माहीत आहेत. मुद्दा फक्त पैसे कशाचे मिळतात याचा.)

कॅटामरान हा शब्दसुद्धा आपल्याकडचाच आहे बरं का. तमिळमधला कट्टुमरम. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. बांधलेले ओंडके. नावातच सांधा आहे. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून नौदलाने शिवलेलं जहाज बांधून घेतलं, कौंडिण्य, ते २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. आता कोणी म्हणेल, ते जहाज तर लवचीकच असतं, मग होबीची ढिलाई का चालत नाही? चांगला प्रश्न आहे. दोरीने शिवलेला सांधा थोडा लवतो आणि परत जागेवर येतो, तो ताणाखालीच असतो. झिजलेला ॲल्युमिनियमचा सांधा लवत नाही, तो मधल्या रिकाम्या जागेत आपटतो. लवचीक वेगळं, ढिलं वेगळं. कस्टमरला हा फरक समजावून सांगता आला तर तुमचं निम्मं काम झालं.

बरं, दादांच्या बोटीचं काय केलं? मी त्यांना सांगितलं, त्या माणसाला नाही म्हणा आणि एखादा शांत डोक्याचा मिस्त्री बघा, त्याला दिवसाची मजुरी फक्त तपासणीची द्या. काम झालं नाही तरी द्या. त्यांना जड गेलं. "नुसतं बघायचे पैसे?" हो, नुसतं बघायचे. दोन दिवसांनी मी स्वतः गेलो, मला व्हिडिओसाठी जायचंच होतं.

तपासणी अशी केली. बोट सपाट वाळूवर. एकाने एका बाजूची नाळ हळूहळू उचलायची आणि दुसऱ्या बाजूची नाळ कधी उचलायला लागते ते बघायचं. घट्ट बोटीत दुसरी लगेच मागे येते. इथे एक वीतभर वर आली तरी दुसरी वाळूत आरामात बसलेली. मग डोलकाठी उतरवली, कारण तिच्या बुडाचा आणि शॅकलचा आवाज फसवतो. मग प्रत्येक सांध्यावर मार्करने एक आडवी रेघ, अर्धी पाईपवर अर्धी कास्टिंगवर. एक जण बोट पिळतो, दुसरा सांध्यावर बोट ठेवून बघतो. जिथे रेघ तुटते तिथे रोग. जिथे रिबिटाभोवती काळपट पूड दिसते तिथेही, ती घासलेल्या ॲल्युमिनियमची असते. पाणी ओतल्यावर आवाज बंद झाला तर खूश होऊ नका, घासणं तसंच आहे, फक्त ओलं झालंय. ग्रीसचंही तेच. ग्रीसने आवाज जातो, ढिलाई नाही.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी मात्र हलची. हल आतून फोमच्या, बाहेरून फायबरच्या. पायाच्या मुळाशी एक रुपयाच्या नाण्याने टकटक करत जायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक. मठ्ठ आवाज आला, अंगठ्याने दाबल्यावर दबलं, तर आतला थर सुटलेला आहे. पायच हलमध्ये हलत असेल, कास्टिंगला तडा असेल, तर चौकटीची दुरुस्ती करूच नये. याबद्दल खाली लिहितो.

दादांचं नशीब चांगलं. हल ठणठणीत, तडा नाही. बारापैकी सात सांधे ढिले निघाले, त्यातले चार पायांचे. शिवाय ट्रॅम्पोलिनची दोरी सैल. ट्रॅम्पोलिन नुसतं बसायला नसतं, त्याच्या ताणाने चौकट एकत्र ओढली जाते.

कामाला चार दिवस लागले, त्यातला बराच वेळ वाट बघण्यात. जुने रिबीट ड्रिलने काढले. कास्टिंग मिठाने धरलेली होती, तिथे हातोडा मारायचा मोह होतो. मारू नका. गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर ठेवा, गरम पाणी ओता, लाकडाचा ठोकळा मध्ये घेऊन हलकं ठोका. कास्टिंग तुटलं तर कोकणात मिळत नाही, मागवावं लागतं आणि सीझन जातो. मग गोड्या पाण्याने धुणं, पॉलिश पेपर, पूर्ण सुकवणं.

पायांच्या सांध्यात कोल्डड्रिंकच्या कॅनचा पत्रा वापरला. हो, तोच. साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो आणि ॲल्युमिनियमचाच असतो, एकेक पट्टी वाढवत नेमकी फट भरता येते. हा सांधा पुढे खोलायचा असतो, म्हणून तिथे चिकटवायचं नाही. फट फार असेल तर घट्ट केलेला इपॉक्सी भरायचा, पण पायाला आधी मेण लावून, म्हणजे साचा बसतो आणि पाय सुटतोही. पाईप आणि कास्टिंगच्या सांध्यात मात्र इपॉक्सी कायमचा. वजन काट्यावर मोजून मिसळायचा, डोळ्याने नाही. पाच मिनिटांत सुकणारा नको, संथ सुकणारा घ्या. आणि हे काम भर पावसात उघड्यावर करू नका, हवेतल्या दमटपणाने इपॉक्सीवर चिकट थर येतो.

रिबीट स्टेनलेस स्टीलचे, लांब दांड्याच्या रिव्हेटरने. माझ्या काउंटरवर सर्वात जास्त खपणारे ॲल्युमिनियमचे पॉप रिबीट इथे चालत नाहीत, दुकानदार असून सांगतोय. पण खाऱ्या पाण्यात स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून प्रत्येक रिबीट दोन धातू वेगळे ठेवणारी पेस्ट लावूनच बसवायचा. भोक लांबट झालं असेल तर शेजारी नवीन पाडायचं किंवा एक माप मोठा रिबीट.

आणि इपॉक्सी ओला असतानाच टेप घेऊन चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे नसतील तर चौकट तिरकी, आणि तिरकी चौकट एकदा सुकली की ती तिरकीच घट्ट झाली. आम्ही दोरीचा पीळ देऊन दोन-तीन मिलिमीटरच्या आत आणले. पूर्ण सुकल्यावर ट्रॅम्पोलिन थोडं थोडं, आळीपाळीने चारही बाजूंनी ताणलं. दोन फेऱ्यांनंतर दोरी पुन्हा आवळली, नवीन ताण थोडा उतरतोच.

नाळ उचलून बघितली. चार बोटं वर येताच दुसरी उठली. ज्या होडीवर जादा एकही पाईप चढला नव्हता, तीच.

आता बिलावर येऊ. उदाहरणासाठी तासाला ३०० रुपये धरा, तुमच्या गावचा दर तुम्हाला माहीत. तपासणी तीन तास, ९००. मजुरी चौदा तास, ४,२००. आणि माल? रिबीट, इपॉक्सी, पेस्ट, मेण, दोरी. सगळ्या बिलात सर्वात लहान आकडा मालाचा. वेल्डिंगच्या क्वोटेशनमध्ये नेमकं उलटं होतं. आपल्यातले बरेच जण मालावर मार्जिन ठेवतात आणि मजुरी मालात लपवतात. मग माल कमी लागणारी दुरुस्ती आली की आपण तोट्यात. आणि तोट्यातला माणूस प्रामाणिक सल्ला फार दिवस देऊ शकत नाही.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. "सर, गावात तपासणीचे पैसे मागितले तर कस्टमर समोरच्या दुकानात जाईल." काही जातील. जाऊ द्या. एक मधला मार्ग आहे, तपासणी फी घ्यायची आणि काम दिलं तर मजुरीतून वजा करायची. अनेक जण हे करतात, मीही सुरुवातीला सुचवायचो. पण आता मला तो तितका आवडत नाही, कारण त्यातही काम काढायचा मोह शिल्लक राहतोच. फी वेगळी, काम वेगळं, हे सरळ.

याचं खरं कारण वर सोडून दिलेल्या हलमध्ये आहे. समजा दादांच्या बोटीत पायाच्या मुळाशी मठ्ठ आवाज आला असता. तेव्हा मिस्त्रीचं काम एकच, सांगणं की ही बोट समुद्रात न्यायची नाही, पर्यटक घेऊन तर नाहीच. हे वाक्य बोलल्यावर त्याला पुढचं काम मिळत नाही. ना वेल्डिंग, ना रिबीट. फुकट आलेला माणूस हे वाक्य कशाच्या जिवावर बोलेल? तो म्हणेल, बघू, थोडं फायबर मारू, चालेल एक सीझन. ट्रॉलीच्या चेसिसबद्दल, शाळेच्या रिक्षाच्या सीटबद्दल, मंगल कार्यालयाच्या मांडवाच्या ट्रसबद्दल हेच वाक्य आपल्याकडे रोज बोललं जातं. वर माणसं बसतात त्यावर.

मालवणच्या त्या मिस्त्रीने आता छापील जॉब कार्ड केलंय. पहिली ओळ तपासणी, खाली तीन खाने : दुरुस्त करा, बदला, वापर बंद करा. प्रत्येक खान्यासमोर कारण लिहायला जागा. तिसऱ्या खान्यावर खूण केली तर कस्टमरची सही घ्यायची, एक प्रत स्वतःकडे ठेवायची. त्या कार्डाचा नमुना पुढच्या व्हिडिओत दाखवतो. तोपर्यंत एक करा. आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाची वस्तू नुसती बघण्यात किती मिनिटं गेली ते वहीत लिहून ठेवा. कार्डावर फीचा आकडा टाकताना ती वही लागणार आहे.